तिकीट काढले, मग पुढचे पैसे कशाचे?

सुट्टीचे बेत आखण्याचे दिवस आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलतो. या वेळी थीम पार्कच्या सहलींबद्दलची पत्रे इतकी आली की हा पूर्ण अंक त्याच विषयाला द्यावा लागला. काही पत्रांत टूर कंपनीचे किंवा उद्यानाचे नाव घेऊन तक्रार केली होती. दुसरी बाजू आम्ही ऐकलेली नसल्यामुळे तेथे नावे गाळली आहेत.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही न्यू जर्सीतील एडिसन येथे राहतो. मे महिन्यात सांगलीहून सासू-सासरे येत आहेत. जूनमध्ये त्यांना आणि मुलांना (वय ९ आणि ५) घेऊन ऑरलँडोच्या डिस्ने वर्ल्डला जावे, असे घाटते आहे. मी येथे शिकायला आले, तेव्हा २०१४ साली मैत्रिणींबरोबर एकदा गेले होते. त्या वेळी तिकिटाबरोबर रांग टाळण्याची सोयही फुकट मिळाली होती. आता खर्च मांडायला बसले, तर तिकीट काढल्यानंतरही पैसे मोजण्याच्या जागा संपतच नाहीत. आम्हा दोघांच्या नोकऱ्या चांगल्या आहेत, परवडत नाही अशातला भाग नाही. तरीही कोणीतरी आपल्याला गंडवते आहे, असे का वाटत राहते? सासरे तर म्हणतात, ‘माझे तिकीट काढूच नका, मी आपला बाकावर बसून राहीन.’
— एक वाचिका, एडिसन

उत्तर : आपल्या सासऱ्यांना प्रथम हे सांगावे लागेल की तो बाक फाटकाच्या आत आहे आणि त्याच्यावर बसायलाही पूर्ण तिकीट लागते. ज्येष्ठ नागरिकांना तेथे सवलत नाही. तीन वर्षांखालील मुलाला प्रवेश मोफत आहे, दहा वर्षे पूर्ण झालेला प्रत्येक जण हिशेबात प्रौढ धरला जातो आणि मधल्या वयाच्या मुलांना मिळणारी सूट मोजक्याच डॉलरची असते.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे येतो. तिकीट महाग झाले ही तक्रार खरी आहे, पण ती अर्धीच आहे. उरलेली अर्धी अशी की त्या तिकिटात नेमके काय येते, हे घरातून निघताना कळेनासे झाले आहे. आपल्याला जे खुपते आहे ते बहुधा हेच असावे.

गंमत अशी की सुटे पैसे घेण्याची ही पद्धत नवी नाही. १९५५ साली कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे डिस्नेलँड उघडले, तेव्हा मोठ्यांना एक डॉलर आणि मुलांना पन्नास सेंट एवढाच प्रवेशाचा दर होता. आतल्या प्रत्येक राइडचे पैसे वेगळे पडत. पुढे ‘ए’पासून ‘ई’पर्यंत दर्जा लावलेल्या कुपनांची पुस्तके निघाली आणि सर्वांत चांगल्या राइडना ‘ई’ कुपन लागू लागले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी फ्लोरिडातील मॅजिक किंगडम, म्हणजे डिस्ने वर्ल्डमधल्या आजच्या चार उद्यानांपैकी पहिले, सुरू झाले, तेही याच पद्धतीने. तेथील नुसत्या प्रवेशाचे तिकीट साडेतीन डॉलर होते. १९८२ मध्ये ही पुस्तके बंद झाली आणि एकदा आत शिरले की हवे तितक्या वेळा हव्या त्या राइडमध्ये बसा, असा कारभार सुरू झाला. पुढच्या जवळजवळ चाळीस वर्षांत जे लोक तेथे गेले, त्यांना या भरल्या थाळीची सवय झाली. १९९९ मध्ये फास्टपास, म्हणजे ठरलेल्या वेळी येऊन लांब रांग टाळण्याची सोय, आला, तोही फुकट. आपण गेलात त्या वर्षी त्याची मोबाइलवरची आवृत्ती नुकतीच सुरू झाली होती. तीत दिवसाला तीन राइडच्या वेळा आगाऊ ठरवता येत. उद्यानाच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना साठ दिवस आधी आणि इतरांना तीस दिवस आधी.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे उद्याने बंद झाली. जुलैमध्ये ती पुन्हा उघडली, पण फास्टपास परतला नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याच्याच जागी ‘जिनी प्लस’ ही सेवा माणशी दिवसाला १५ डॉलर घेऊन सुरू झाली. वर्षभरात तिचे दर गर्दीप्रमाणे हलू लागले आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये ते ३९ डॉलरपर्यंत गेले. जुलै २०२४ मध्ये तिचे नाव ‘लाइटनिंग लेन मल्टी पास’ झाले. लाइटनिंग लेन म्हणजे पैसे भरलेल्यांची वेगळी, झटपट रांग. ज्या एक-दोन राइडसाठी लोक मुळात येतात त्या या पासातही नाहीत, त्यांचे पैसे वेगळे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरअखेर, आधी वेळ न ठरवता या वेगळ्या रांगांतून जाऊ देणारा ‘प्रीमियर पास’ आला. तो सुरू झाला तेव्हा त्याचे दर उद्यान आणि तारीख पाहून माणशी १२९ ते ४४९ डॉलर होते, आणि तेही एका दिवसाच्या तिकिटाखेरीज. दरम्यान हॉटेलच्या पाहुण्यांना विमानतळावरून फुकट आणणारी बस जानेवारी २०२२ पासून बंद झाली, तर त्यांना मोफत मिळणारा, तिकीट आणि खोलीची किल्ली म्हणून चालणारा मनगटी पट्टा त्याच्या आदल्या वर्षीच गेला होता. यांतली एकेक गोष्ट घेतली तर फार मोठी नाही. पण जे काल तिकिटात होते तेच आज वेगळे विकायला मांडलेले दिसले, तर खिशात पैसे असलेल्या माणसालाही राग येतो. तो चिक्कूपणा नव्हे.

महागाईचे कारण यावर पुरे पडत नाही. १९७१ चे साडेतीन डॉलर आजच्या हिशेबाने अठ्ठावीसच्या आसपास होतात. त्या वेळी कुपनांचे मोठे पुस्तक घेतले असे धरले तरी आजचे पन्नास डॉलर होत नाहीत. २०२५ मध्ये एका दिवसाच्या तिकिटाचा दर उद्यान आणि तारखेनुसार ११९ ते १९९ डॉलर होता. आजच्या राइड त्या काळच्या मानाने कितीतरी मोठ्या आणि खर्चिक आहेत, हे मान्य करायला हवे. पण त्यातून फरकाचा काही भागच उलगडतो.

आपल्या सहा जणांचा एका दिवसाचा हिशेब करून पाहू. मॅजिक किंगडमचे तिकीट सरासरी १६० डॉलर धरले, तर ९६० झाले. आपल्याकडे छापील किमतीत कर धरलेला असतो, तेथे नसतो. साडेसहा टक्के विक्रीकर मिळवला की रक्कम १,०२२ वर जाते. मल्टी पास माणशी ३० धरला तर करासह १९२, आणि एखाद्या मोठ्या राइडचा सुटा पास माणशी १५ धरला तर आणखी ९६. असे १,३१० डॉलर झाले आणि अजून कोणी पाण्याचा घोटही घेतलेला नाही. हॉटेलच्या भाड्यावर त्या भागात एकूण साडेबारा टक्के कर लागतो, तोही धरून ठेवावा.

माझे मत विचाराल तर चार उद्यानांचे चार दिवस करण्याच्या फंदात आपण पडू नये. दोन दिवस पुरेत. एक दिवस मुलांसाठी मॅजिक किंगडम. मल्टी पासचे पैसे सार्थकी लागतात ते प्रामुख्याने तेथेच. दुसरा दिवस एपकॉट, कारण तळ्याकाठी मांडलेले अकरा देशांचे विभाग सासू-सासऱ्यांना बसत-उठत, निवांत पाहता येतील. मधला एक दिवस बिनतिकिटाचा ठेवावा. डिस्ने स्प्रिंग्ज या बाजारपेठेत हिंडायला पैसे पडत नाहीत आणि मोनोरेलही फुकट आहे. पाच वर्षांच्या मुलाची उंची घरीच मोजून ठेवा. सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेनला ३८ इंच लागतात, स्पेस माउंटनला ४४ आणि ट्रॉनला ४८. धाकटा उंचीत बसला नाही, तर ‘रायडर स्विच’ मागून घ्या. एक पालक मुलापाशी थांबतो, दुसरा जाऊन येतो आणि मग पहिल्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. ही सोय अजून फुकट आहे, म्हणून आवर्जून सांगितले.

खाण्याचे म्हणाल, तर घरचे पदार्थ आत नेता येतात. काचेची बरणी आणि दारू मात्र चालत नाही. सासूबाईंनी दशम्या, कोरडी चटणी आणि चिवडा बरोबर घेतला तर फाटकावर कोणी हटकणार नाही. जेथे शीतपेयाचे यंत्र आहे अशा खाद्यपदार्थांच्या काउंटरवर बर्फाच्या पाण्याचा पेला मागितला की मोफत मिळतो. बाटलीचे पैसे देऊ नका.

प्रश्न : महोदय, गेल्या वर्षी आम्ही उभयतां एका नामांकित टूर कंपनीबरोबर परदेशी सहलीला गेलो होतो. माहितीपत्रकात ‘जगप्रसिद्ध थीम पार्कमध्ये पूर्ण दिवस धमाल’ असे छापले होते. प्रत्यक्षात दिवसभरात तीन राइड झाल्या. एका ठिकाणी दीड तास उभे राहिल्यावर पावसाचे कारण सांगून ती राइडच बंद केली. आमच्या डोळ्यांदेखत बाजूच्या रांगेतून माणसे सरसर पुढे जात होती. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तसे झाले. दोष कोणाचा? भरपाई मागता येईल का?
— एक निवृत्त बँक कर्मचारी, ठाणे

उत्तर : आपण सोबत पाठवलेला दिनक्रम मी लक्षपूर्वक वाचला. हॉटेलातून नाश्ता करून साडेनऊला निघणे, अकराला उद्यानात पोहोचणे, संध्याकाळी सहाला बसपाशी जमणे आणि सातला भारतीय जेवण. आपला दिवस त्या अकरा वाजण्यातच गेला.

कोणत्याही मोठ्या उद्यानात रांगा सर्वांत लहान असतात त्या फाटक उघडल्यावरच्या पहिल्या तासाभरात आणि रात्री बंद होण्याआधीच्या शेवटच्या तास-दीड तासात. अकरा ते पाच ही वेळ सर्वांत वाईट; आणि आपल्याकडच्या बहुतेक गट सहली नेमक्या त्याच वेळेत आत असतात, कारण सकाळचा नाश्ता पोटभर आणि रात्रीचे जेवण आपल्या चवीचे हवे, असा प्रवाशांचाच आग्रह असतो. त्या जेवणापायी रात्रीची आतषबाजीही हुकते, जी पाहायला इतर लोक मुद्दाम थांबलेले असतात. टूर कंपन्यांना हे ठाऊक नसते असे नाही. परंतु वरण-भात मिळाला नाही म्हणून येणारी तक्रार त्यांना राइड हुकल्याच्या तक्रारीपेक्षा जास्त जाचते.

बाजूच्या रांगेचे गणित मात्र समजून घेण्यासारखे आहे. राइडच्या तोंडाशी, बसण्याच्या थोडे आधी, दोन्ही रांगा एकत्र येतात. तेथे एक कर्मचारी उभा असतो. पैसे भरलेल्यांच्या रांगेतून तो एक मोठा घोळका सोडतो, मग साध्या रांगेतून चार-सहा माणसे, मग पुन्हा पहिल्या रांगेकडे वळतो. समजा, ती राइड तासाला १,२०० माणसे नेऊ शकते. दुसरी रांग नसती, तर आपल्यापुढच्या ४०० माणसांचा निकाल वीस मिनिटांत लागला असता. पण तासाच्या १,२०० जागांपैकी ८०० जागा पैसेवाल्या रांगेला दिल्या, तर तीच ४०० माणसे जायला पूर्ण तास लागतो. राइड तीच, वेग तोच, माणसेही तितकीच. तरी आपली रांग तिप्पट लांबते, आणि ती लांबलेली पाहूनच पुढचा माणूस पास विकत घेतो. पूर्वी ही सोय फुकट होती तेव्हाही रांगा अशाच एकत्र येत असत, हे खरे. पण तेव्हा ती थोडीफार सगळ्यांच्याच वाट्याला येई, त्यामुळे कोणाचा जळफळाट होत नव्हता.

पावसाबद्दल उद्यानाला दोष देता येणार नाही. विजा चमकू लागल्या की उघड्यावरच्या राइड थांबवणे हा सुरक्षेचा नियम आहे, आणि हवामानामुळे राइड बंद राहिल्यास पैसे परत मिळणार नाहीत हे बहुतेक ठिकाणच्या तिकिटाच्या अटींत लिहिलेले असते.

भरपाईचे म्हणाल, तर उद्यानाविरुद्ध काही हाती लागेल असे मला वाटत नाही. टूर कंपनीचे तसे नाही. ‘पूर्ण दिवस’ असे छापून प्रत्यक्षात सात तास दिले असतील आणि माहितीपत्रक, पावती व दिनक्रम आपल्यापाशी असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतील त्रुटीची तक्रार करता येते. आधी कंपनीला लेखी कळवा. त्यांनी दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तेथेही निभावले नाही तर ठाणे जिल्हा ग्राहक आयोग. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करावे लागते, तेव्हा आपल्याला अजून मुदत आहे. पूर्ण सहलीचे पैसे मागू नका. त्या एका दिवसापुरती मागणी ठेवलीत तर ती टिकण्याचा संभव अधिक. आपण खर्चात धरलेला टीसीएस, म्हणजे सहलीच्या पैशांबरोबर कंपनीने आगाऊ घेतलेला कर, मात्र खर्च नव्हे. तो आपल्या पॅनवर जमा झालेला असतो आणि विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला हे मी सांगावे, असे नाही.

प्रश्न : आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे. व्हीलचेअर घेतली तर डिस्नेमध्ये सगळ्यांनाच रांगेशिवाय सोडतात, असे शेजारी सांगतात. हे खरे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ही माहिती जुनी झाली. तेथील बहुतेक रांगा आता व्हीलचेअर जाईल एवढ्या रुंद आहेत, त्यामुळे खुर्चीवर बसलेल्या व्यक्तीलाही त्याच रांगेतून जावे लागते. बाहेर थांबून ठरावीक वेळी येण्याची ‘डिसेबिलिटी ॲक्सेस सर्व्हिस’ ही वेगळी सोय आहे. पण मे २०२४ मध्ये फ्लोरिडात तिचे नियम बदलले आणि ती मुख्यतः स्वमग्नतेसारख्या विकासात्मक अडचणी असलेल्या व्यक्तींपुरती ठेवण्यात आली. काही लोकांनी तिचा गैरफायदा घेतला होता हे जितके खरे, तितकेच हेही खरे की या बदलामुळे अनेक खरे आजारी लोक बाहेर पडले आणि त्यावरून अमेरिकेत मोठा असंतोष आहे. आईंसाठी खुर्ची जरूर घ्या, पण ती चालण्याचे श्रम वाचवण्यासाठी घ्या. त्या उद्यानांत दिवसभरात सहज दहा-बारा किलोमीटर चालणे होते.

प्रश्न : मी लहानपणापासून डिस्नेचा चाहता आहे. गेली सात वर्षे अमेरिकेत नोकरी करतो आणि दर वर्षी वार्षिक पास घेतो. गेल्या काही वर्षांत माझ्या आवडीच्या गोष्टी एकेक करून बंद केल्या जात आहेत. मॅजिक किंगडममधली नदी, तिच्यातले बेट आणि ती जुन्या पद्धतीची आगबोटसुद्धा गेली. दर वाढतात, कर्मचारी कमी दिसतात, राइड मध्येच बंद पडतात. आमच्या चाहत्यांच्या गटात बहिष्काराची भाषा चालते, पण पुढच्या महिन्यात सगळे पुन्हा तेथेच भेटतात. आमच्या रागाचा कंपनीवर काही परिणाम होतो का?
— एक चाहता, टॅम्पा

उत्तर : आपल्या पत्रातच उत्तर आहे. वार्षिक पासाचे नूतनीकरण करून चिडणारा चाहता ही कोणत्याही कंपनीच्या दृष्टीने अत्यंत भरवशाची मिळकत होय.

आकडे पाहा. सप्टेंबर २०२४ अखेर संपलेल्या आर्थिक वर्षात डिस्नेच्या सर्व विभागांचा मिळून सुमारे १५.६ अब्ज डॉलर कार्यकारी नफा झाला. त्यातले सुमारे ९.३ अब्ज एकट्या उद्याने, जहाज-सफरी आणि त्यांच्याशी जोडलेल्या विक्रीच्या विभागाचे होते. केबल वाहिन्यांचा धंदा आटत चालला आणि स्ट्रीमिंगने सुरुवातीची वर्षे तोटाच दिला. अशा घरात कमावत्या मुलावर जसा सगळा भार पडतो तसा तो उद्यानांवर पडला. दुसरीकडे मॅजिक किंगडमची गर्दी, या व्यवसायात प्रमाण मानल्या जाणाऱ्या वार्षिक अंदाजानुसार, २०१९ मध्ये सुमारे २ कोटी १० लाख होती आणि २०२३ मध्ये सुमारे १ कोटी ७७ लाख. माणसे घटली आणि तरी नफा वाढला, याचा अर्थ आत येणाऱ्या प्रत्येकाकडून जास्त पैसे काढले गेले. आपल्याला मधल्या काळात जे जाणवले ते कल्पनेतले नव्हते.

आणि तरीही, चाहत्यांच्या रागाने काहीच होत नाही असे मी म्हणणार नाही. रागाने होत नसेल, पण गैरहजेरीने होते. ‘स्टार वॉर्स’च्या विश्वात राहण्याचे हॉटेल म्हणून ‘गॅलॅक्टिक स्टारक्रूझर’ मार्च २०२२ मध्ये उघडले. दोन रात्रींसाठी दोघांना सुमारे ४,८०० डॉलर. जे राहून आले त्यांतल्या अनेकांनी तोंड भरून स्तुती केली. पण एवढे पैसे देणारे पुरेसे लोक भेटेनात आणि सप्टेंबर २०२३ अखेर, म्हणजे दीड वर्षात, ते कायमचे बंद करावे लागले. निवडणूक लढवून किंवा मोर्चा काढून हे झाले नसते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये बॉब चेपेक यांना बाजूला करून बॉब आयगर पुन्हा मुख्याधिकारी झाले. मार्च २०२३ मध्ये गुंतवणूकदारांपुढे बोलताना, नफा वाढवण्याच्या भरात आपण काही दरांबाबत जरा जास्तच आक्रमक झालो असू, अशी कबुली त्यांनी दिली. त्याच सुमारास हॉटेलच्या पाहुण्यांना गाडी उभी करण्याचे पैसे माफ झाले आणि जानेवारी २०२४ पासून तारखेच्या तिकिटाबरोबर उद्यानाचे वेगळे आरक्षण करण्याची कटकटही संपली. ज्यांनी हात आखडता घेतला त्यांच्यामुळे या गोष्टी मिळाल्या. पण जिथे रोकड येते ते लाइटनिंग लेन कोणी मागे घेतले नाही, आणि २०२२ च्या डिसेंबरमध्ये १८९ डॉलरवर गेलेला मॅजिक किंगडमचा वरचा दर २०२५ मध्ये १९९ झाला. तेव्हा त्या कबुलीला किती किंमत द्यायची, ते आपणच ठरवा.

नदीबद्दल मला आपल्याइतकेच वाईट वाटते. ६ जुलै २०२५ हा तिचा शेवटचा दिवस होता. आता तेथे ‘कार्स’ चित्रपटावर आधारित विभाग उभा राहतो आहे. कंपनीने २०२३ मध्ये दहा वर्षांत उद्याने आणि जहाजांवर सुमारे ६० अब्ज डॉलर घालण्याचे जाहीर केले, त्याचाच हा भाग. व्यवहाराने पाहिले तर त्या बोटीसाठी कोणी लाइटनिंग लेनचा पास घेत नसे, आणि पेचही तेथेच आहे. ज्या जागी रांग नाही, बसायला सावली आहे आणि मुलांना बेटावर मोकळे सोडता येते, तिची किंमत हिशेबाच्या वहीत शून्य दिसते. परंतु बाकीच्या दिवसाचा शीण तिथेच उतरत असतो. अशी विसाव्याची ठिकाणे काढून तेथे रांगेच्या राइड उभ्या केल्या, तर राइडची संख्या वाढूनही दिवस अधिक दमवणारा होतो. आपल्या गटाला कंपनीकडे काही मागायचेच असेल, तर दर कमी करा म्हणण्यापेक्षा असे कोपरे राखा म्हणून मागावे, असे मला वाटते.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूने आहे. २२ मे २०२५ रोजी युनिव्हर्सल या प्रतिस्पर्धी कंपनीचे ‘एपिक युनिव्हर्स’ हे उद्यान ऑरलँडोतच उघडले. टॅम्पाहून दोन्हीकडे जायला जवळजवळ सारखाच वेळ लागतो. बहिष्काराची घोषणा न करता एक वर्ष तिकडे जाऊन पाहायला हरकत नाही. रांग टाळण्याचे पैसे तेही घेतात, त्या बाबतीत फार आशा धरू नका.

प्रश्न : अमेरिकेचा व्हिसा आणि विमानाचा खर्च पाहता मुलीला (वय ११) डिस्ने दाखवायचे तर टोकियो बरे पडेल का? आम्ही पुण्याचे, पूर्ण शाकाहारी. मे महिन्यातच सुट्टी मिळते.
— एक पालक, कोथरूड

उत्तर : खर्चाच्या बाबतीत नक्कीच बरे पडेल. टोकियोची दोन्ही उद्याने डिस्नेच्या मालकीची नाहीत. ओरिएंटल लँड ही जपानी कंपनी परवाना घेऊन ती चालवते. स्वच्छता, कर्मचाऱ्यांचे वागणे आणि राइडची निगा या बाबतीत त्यांचे नाव डिस्नेच्या स्वतःच्या उद्यानांपेक्षाही वर घेतले जाते. ऑक्टोबर २०२३ पासून प्रौढांचे एका दिवसाचे तिकीट तारखेनुसार ७,९०० ते १०,९०० येन आहे. आपली मुलगी बारा वर्षांची होण्याआधी गेलात, तर तिला ४,७०० ते ५,६०० येनांत प्रवेश मिळतो. ऑरलँडोच्या दरांशेजारी हे आकडे ठेवले, तर निम्म्याहूनही कमी भरतात. रांग टाळण्याचा सशुल्क पास येथेही आहे, पण तो एकेका राइडपुरता घेता येतो. नको असेल तर घेऊ नये, एवढा तो सुटसुटीत आहे.

दोन उद्यानांपैकी एकच जमणार असेल, तर ‘डिस्नेसी’ पाहा. ते २००१ मध्ये उघडले आणि त्या धर्तीचे दुसरे उद्यान जगात कोठेही नाही. राइडमधले संवाद आणि बहुतेक कार्यक्रम जपानीत असतात. मुलीला त्याचे फारसे वाटणार नाही. मोठ्यांना थोडे चुकल्यासारखे होते.

शाकाहाराचा प्रश्न मात्र जपानात खरोखरच अवघड आहे. वरवर भाजीचे वाटणारे सूपसुद्धा माशाच्या अर्काने केलेले असते, त्यामुळे ‘मांस नाही ना?’ एवढे विचारून भागत नाही. मासे, अंडी, अर्क हे सगळे चालत नाही, असे जपानीत लिहून घेतलेले कार्ड जवळ ठेवा आणि तहान-भुकेचे लाडू भरपूर न्या.

तारखांचे तेवढे पाहा. २९ एप्रिल ते साधारण ५ मे या काळात जपानात सुट्ट्यांची माळ असते आणि तिला तेथे ‘गोल्डन वीक’ म्हणतात. सगळा देश घराबाहेर पडलेला असतो, तिकिटाचे दर वरच्या पायरीवर असतात आणि आपल्याकडच्या टूर कंपन्यांच्या पहिल्या सहली नेमक्या त्याच आठवड्यात निघतात. मेचा दुसरा पंधरवडा आणि त्यातही शनिवार-रविवार सोडून मंगळवार ते गुरुवार धरा. जूनमध्ये तेथे पाऊस लागतो, म्हणून फार पुढे ढकलू नका. तिकिटे दोन महिने आधी विक्रीला येतात, तेव्हा मेसाठी मार्चमध्ये लक्ष ठेवावे लागेल.